घाटाची वाट आणि सेवकाचें वेतन

मुंबईहून पुण्याकडे जाणारी गाडी कर्जत स्टेशनांत थांबते ती उतारूंसाठीं कमी आणि घाटासाठीं अधिक. मागें जादा इंजिनें लागतात, तेवढ्या अवकाशांत लोक बटाटेवडे घेतात, आणि गाडी बोरघाट चढूं लागते. कर्जत आणि त्याला लागून असलेला खालापूर हे तालुके आज रायगड जिल्ह्यांत मोडतात. कर्जत १८९१ पर्यंत ठाणें जिल्ह्यांत होता, मग तो कुलाब्यांत आला, आणि १९८१ सालीं कुलाब्याचें नांव रायगड झालें. जिल्ह्यांचीं नांवें बदललीं तरी ह्या मुलखाचें भाग्य फारसें बदललें नाहीं. कोकण आणि देश ह्यांच्यामधली ही वाट आहे. नाना फडणिसांचें देऊळ आणि विस्तीर्ण तळें खोपोलीस आहे तें ह्याच वाटेवर. १८३० च्या नोव्हेंबरांत गव्हर्नर सर जॉन माल्कम ह्यांनीं घाटांतून गाडीरस्ता खुला केला, आणि १८६३ सालीं आगगाडी घाट चढून वर गेली.

ह्या वाटेनें पलटणी गेल्या, व्यापार गेला, टपाल गेलें, आणि धर्मोपदेशकहि गेले. गेल्या शतकाआधींच्या शतकांत मुंबईच्या ख्रिस्ती मिशनांना घाटावरचा देश हाक मारीत होता. त्यांच्या मुख्य ठाण्यांचीं नांवें पाहिलीं तर मुंबई, अहमदनगर, शिरूर, वडाळें, राहुरी, सातारा, सोलापूर अशीं तीं आहेत. कोकणपट्टींत बाणकोट आणि हर्णै आहेत. कर्जत-खालापूरचें नांव त्या मालिकेंत येत नाहीं. तेथून सारे गेले, ठाणें मांडलें तें पुढें. असें कां व्हावें, ह्याचें उत्तर शोधूं जातां एक निराळाच इतिहास हातीं लागतो. खेड्यांत राहून लोकांची सेवा करील असा माणूस तयार कसा करावा, आणि त्याचें पोट कोणीं भरावें, ह्या दोन प्रश्नांचा तो इतिहास आहे. पहिल्या प्रश्नाचीं उत्तरें पुष्कळांनीं दिलीं. दुसऱ्यापाशीं मात्र बहुतेकांची गाडी अडली.

आरंभीं तर शिकविलेला माणूस नव्हताच. अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे १८१३ सालीं मुंबईस उतरले. दोन वर्षांत त्यांनीं मराठी शाळा काढली आणि पुढें उत्तर कोकणच्या किनाऱ्यावरहि शाळा पसरल्या. पण ह्या शाळांतून शिकविणारे कोण? कोठें ब्राह्मण पंतोजी, तर कोठें बेने इस्राएल समाजाचे शिक्षक. ज्यांना मिशनचा धर्म मान्य नाहीं त्यांच्याच हातीं मिशनची शाळा, असा तो चमत्कारिक व्यवहार होता. मुलांना अक्षर आलें, अंकगणित आलें. मिशनऱ्यांना अपेक्षित होतें तें मात्र फारसें आलें नाहीं. स्कॉटिश मिशनऱ्यांनीं १८२३ सालीं बाणकोटास काम आरंभिलें, आणि त्यांची गतहि थोडीफार अशीच झाली. त्यांतले डोनाल्ड मिचेल तर त्याच वर्षीं निवर्तले. हॉल १८२६ सालीं नाशिकच्या बाजूस फिरतीवर असतांना पटकीनें गेले. परका माणूस ह्या हवेंत फार दिवस टिकत नाहीं हा धडा असा प्राण देऊन शिकावा लागला. तेव्हां येथलाच माणूस तयार केला पाहिजे, ही गरज केवळ तत्त्वाची नव्हती. ती स्मशानानें पटवून दिली होती.

१८३१ च्या अखेरीस अमेरिकन मिशननें अहमदनगरास, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरास, ठाणें घातलें. ग्रेव्हज्, रीड आणि हर्व्ही ह्या तिघांबरोबर बाबाजी नांवाचे एक ख्रिस्ती झालेले ब्राह्मण गृहस्थ होते. हर्व्ही पुढल्याच वर्षीं वारले, आणि त्यानंतर वर्षभरांत बाबाजीहि. बाबाजींचें चरित्र रीड ह्यांनीं १८३६ सालीं इंग्रजींत प्रसिद्ध केलें. ज्याच्या तोंडून लोकांनीं ऐकावें असा एकच माणूस जवळ असावा आणि तोहि हातचा जावा, ह्या दुःखाची कल्पना त्या पुस्तकाच्या केवळ अस्तित्वावरूनहि येते.

१८३५ सालीं हेन्री बॅलंटाइन अहमदनगरास आले आणि जवळजवळ तीस वर्षें राहिले. त्यांनीं मराठींत ख्रिस्ती गीतें रचलीं, तरुणांना जवळ बसवून शिकविलें. १८४२ सालीं तेथेंच ‘ज्ञानोदय’ पत्र निघालें. मिस फरार ह्यांच्या मुलींच्या शाळा चालू होत्या. जोतिराव फुले ह्यांनीं त्या पाहिल्या आणि पुण्यास जाऊन स्वतः शाळा काढली, ही हकीकत श्रोत्यांना ठाऊक असेलच. इतकें सगळें होऊनहि एका मुद्द्यावर वाद धुमसत होता. सेवक व्हावयाच्या तरुणास इंग्रजी शिकवावें कीं नाहीं?

ह्या वादाचा निकाल सातासमुद्रांपलीकडून आला. मिशनच्या बोस्टनच्या कचेरीचे चिटणीस रूफस अँडरसन १८५४ च्या अखेरीस स्वतः हिंदुस्थानांत आले. त्यांचें मत ठाम होतें. मिशनचें काम मंडळ्या उभारण्याचें. मंडळीवर तिच्यांतलाच पाळक हवा. पाळकानें लोकांच्या भाषेंतच शिकावें आणि शिकवावें. इंग्रजी शिकलेला तरुण खेड्यांत राहत नाहीं, तो कचेरींत जातो. ह्या धोरणानें अमेरिकन मिशनच्या इंग्रजी शाळांवर घाला पडला. त्याच सुमारास अहमदनगरास हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक ह्यांना दीक्षा देऊन पाळक नेमण्यांत आलें. उलट मुंबईस डॉ. जॉन विल्सन आणि कलकत्त्यास अलेक्झांडर डफ हे स्कॉटिश मिशनरी उच्च इंग्रजी शिक्षणावरच भर देत होते.

दोघांतलें कोणाचें बरोबर? अँडरसन ह्यांनीं मराठीची बाजू घेतली ती योग्यच होती. खेड्यांतल्या कुणब्यास आणि महारास इंग्रजी व्याख्यानाचें काय काम? परंतु त्यांच्या निर्णयांत एक आडपडदा होता. ज्याला इंग्रजी येतें त्याला दुसरी नोकरी मिळूं शकते. ज्याला येत नाहीं तो मिशनच्या पगारास बांधला जातो. मराठी शिक्षणानें सेवक लोकांजवळ आला हें खरें, पण तो मिशनशींहि जखडला गेला. पुढच्या पिढींत अहमदनगरास इंग्रजी हायस्कूल पुन्हा उभें करावें लागलें, ह्याचें कारण आईबापांचा हट्ट इतकेंच नव्हे. आपल्या मुलानें आपल्या पायांवर उभें राहावें असें कोणाला वाटत नाहीं?

१८७६ ते १८७८ चा दुष्काळ आला आणि सारें चित्र पालटलें. नगर, सोलापूर, सातारा, पुणें ह्या जिल्ह्यांना त्याची झळ भयंकर लागली. त्यानंतर महार आणि मांग वस्त्यांतून ख्रिस्ती होणाऱ्यांची संख्या वाढली, आणि गांवोगांव शाळा चालवील, उपासना घेईल असा माणूस हवा झाला. १८७८ सालीं अहमदनगरास ईश्वरविद्येची पाठशाळा, म्हणजे थिऑलॉजिकल सेमिनरी, निघाली. तिचे प्रमुख रॉबर्ट ह्यूम. हे मूळ मुंबईतच १८४७ सालीं जन्मलेले, मिशनऱ्याचेच पुत्र. येथल्या माणसाला मान द्यावा हें त्यांना सांगावें लागत नसे. दुष्काळांतल्या कामाबद्दल सरकारनें १९०० सालीं त्यांना कैसर-इ-हिंदचें सोन्याचें पदक दिलें.

पाठशाळेंतून बाहेर पडलेला सेवक खेड्यांत काय करी? पहांटे किंवा दिवेलागणीस महारवाड्यांत शाळा. कोणाचें पत्र वाचून दाखवावयाचें, कोणाचा अर्ज लिहून द्यावयाचा. रविवारीं उपासना. ख्रिस्ती झालेल्या महारानें गांवदेवीच्या कामास नकार दिला कीं त्याच्या बलुत्यावर गदा येई, पाणवठ्याचा तंटा निघे. त्या तंट्यांत पाटलापाशीं बोलावयास जाई तो हाच मास्तर. पाठशाळेंत त्याला पवित्र शास्त्र, मंडळीचा इतिहास, प्रवचनाची रचना हीं शिकविलेलीं असत. पाटलापाशीं कसें बोलावें हें मात्र तो आपल्या आपण शिके. आणि महिन्याच्या महिन्यास पगार मिशनकडून येई. म्हणून गांवकऱ्यांच्या लेखीं तो गांवचाहि नव्हे आणि देवाचाहि नव्हे, तो साहेबाचा माणूस. सारी गोम ह्या एका शब्दांत होती.

एक गोष्ट मात्र लोकांनीं मनापासून आपली मानली, आणि ती पाठशाळा निघण्याआधींची आहे. अहमदनगरचे कृष्णराव सांगळे ह्यांनीं १८६० नंतरच्या दशकांत ख्रिस्ती कथाविषयावर कीर्तनें सुरू केलीं. साहेबांनीं रचलेलीं गीतें विलायती चालींवर बसविलेलीं असत. त्यांत अर्थ मराठी, पण सुरांचा जोर भलत्याच अक्षरावर पडे. ऱ्हस्वाचें दीर्घ होई आणि ऐकणारा गोंधळे. कीर्तनांत तें नव्हतें. पूर्वरंगीं विषय, उत्तररंगीं आख्यान, हातीं झांज, साथीला मृदंग. हा साचा श्रोत्यांच्या रक्तांतला. उभ्याउभ्या व्याख्यान ऐकावयास जेथें दहा माणसें थांबत नसत, तेथें कीर्तनास रात्रभर माणूस बसे. गोमंतकांत फादर स्टीफन्स ह्यांनीं हेंच मर्म अडीचशें वर्षांपूर्वीं ओळखलें होतें. त्यांचें १६१६ सालीं छापलेलें ‘ख्रिस्तपुराण’ ओवीबद्ध आहे, आणि तें देवळांतून वाचलें जाई. मधल्या काळांत हें शहाणपण हरवलें होतें. तें सांगळ्यांनीं पुन्हा हातीं आणलें.

ह्याच संदर्भांत कर्जत-खालापूरकडे पाहिलें म्हणजे तेथें ठाणें कां झालें नाहीं ह्याचा थोडा उलगडा होतो. घाटावरचें खेडें गांवकुसाच्या आंत-बाहेर बसलेलें असतें. शाळा कोठें भरवावी हें ठरविणें सोपें. घाटाखालचा डोंगराळ मुलूख तसा नाहीं. सपाटीवर कुणबी आणि आगरी, वर रानांत ठाकुरांच्या वाड्या आणि कातकऱ्यांचीं खोपटें. कातकरी म्हणजे खैरापासून कात काढणारे. जंगलावर सरकारी बंदी आल्यावर हे लोक कोळशाच्या भट्ट्यांवर जाऊं लागले, आणि आज पावसाळा सरला कीं वीटभट्ट्यांवर कामास जातात. कुटुंबेंच्या कुटुंबें सहा-सहा महिने वाडी सोडून असतात. त्यांची बोली निराळी. कार्तिकांत शाळा उघडावी तर मुलें भट्टीवर. तीं परत यावीं तर पाऊस तोंडावर आलेला. घंटा आणि हजेरीपट ह्यांवर उभें असलेलें शिक्षण घेतलेला सेवक येथें काय करणार? येथें हवा तो त्यांच्याबरोबर भट्टीवर जाणारा माणूस. असा माणूस पाठशाळेच्या अभ्यासक्रमांतून निघत नव्हता, आणि निघाला असता तरी त्याचा पगार कोणत्या सदरांत घालावा हें कोणत्याहि कचेरीला सुचलें नसतें.

बायकांच्या बाबतींत पंडिता रमाबाईंनीं निराळाच घाट घातला. रमाबाई अनंतशास्त्री डोंगऱ्यांच्या कन्या. लहानपणीं आईबापांबरोबर तीर्थोतीर्थीं पायीं हिंडून पुराणें सांगितलेल्या, आणि दुष्काळांतच आईबापांना पारख्या झालेल्या. लोकांत राहून लोकांना सांगावें कसें, हें त्यांना कोणत्याहि पाठशाळेनें शिकवावयाचें राहिलें नव्हतें. १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतून, आणि १९०० सालीं गुजराथेंतून, त्यांनीं मुली आणि विधवा केडगांवीं आणल्या. पुण्याच्या पलीकडे रेल्वेच्या त्याच रस्त्यावर हें गांव आहे. मुक्तिसदनांत एके काळीं सुमारें १,९०० जणी होत्या. त्या शेती करीत, विणीत, तेल गाळीत, खिळे जुळवीत. १९०५ सालीं तेथल्या मुली जथ्याजथ्यांनीं आसपासच्या खेड्यांत सुवार्ता सांगावयास जाऊं लागल्या. रमाबाईंनीं उतारवयांत हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचें सोप्या मराठींत भाषांतर केलें. तें त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ सालीं, सदनाच्याच छापखान्यांतून पुरें छापून निघालें. ह्या व्यवस्थेंत पैसा परदेशांतूनहि येई, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. पण तेथल्या बाईला हातांत धंदा होता. बाहेर सांगावयास गेली ती पोटासाठीं गेली असें तिला कोणी म्हणूं शकत नव्हतें.

पुरुषांच्या बाजूस हा प्रश्न धसास लावला तो रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं. रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवचा हा चित्पावन कवि. एकदां रेल्वेच्या प्रवासांत एका युरोपियन गृहस्थानें त्यांना नवा करार दिला, तो वाचून मन ओढलें गेलें, आणि १८९५ च्या फेब्रुवारींत मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. मग अहमदनगरास ह्यूमसाहेबांच्या पाठशाळेंत ते शिकवूं लागले, १९०४ सालीं दीक्षा झाली, १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी भागाचें संपादन त्यांच्याकडे आलें. पाठशाळेंतल्या तरुणांना ते काव्य शिकवीत, भजन शिकवीत. येथल्या संतांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापाशीं आलों, असें ते मानीत. तुकोबांचें ऋण त्यांनीं कधीं लपविलें नाहीं.

परंतु जसजशीं वर्षें गेलीं, तसतसें पगारी सेवेचें शल्य त्यांना अधिक टोंचूं लागलें. ज्याच्या हातून पगार घ्यावा त्याच्या तोंडाकडे पाहावें लागतें. मिशनरी कितीहि सज्जन असो, तो देणारा आणि हा घेणारा, हें नातें मिटत नाहीं. आणि हें नातें आहे तोंवर हिंदु शेजारी त्याच्या शब्दाला शंभर टक्के वजन देत नाहीं. १९१७ सालीं टिळकांनीं मिशनचें वेतन सोडलें, साताऱ्यास जाऊन बिऱ्हाड केलें, आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. दरबारांत ख्रिस्ताला मानणाऱ्या कोणालाहि प्रवेश होता. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो. ही गोष्ट मंडळीच्या शिस्तीला धक्का देणारी होती आणि ती अनेकांना रुचली नाहीं. सेवकानें भजन करीत, फिरत, लोकांच्या घरीं जेवत सेवा करावी, बंधुभावानें राहावें, असा तो बेत. वारकऱ्यांनीं शतकानुशतकें जें केलें तेंच.

हा बेत उदात्त होता ह्यांत शंका नाहीं. तरी त्याची दुसरी बाजू ज्यांनीं पाहिली त्या लक्ष्मीबाई. ‘स्मृतिचित्रें’ वाचलेल्या कोणालाहि आठवेल कीं टिळकांच्या हातांत पैसा ठरत नसे. आला कीं कोणा गरजूकडे जाई, आणि संध्याकाळीं चुलीपुढें प्रश्न उभा राही तो लक्ष्मीबाईंच्या. संन्याशाला वेतन नको हें ठीक. पण टिळक संन्यासी नव्हते, संसारी होते. घरांत पोटचीं मुलें होतीं, आश्रयास आलेलीं होतीं, कवितेच्या ओढीनें आलेले बालकवि ठोंबरे कित्येक दिवस राहून गेलेले. वेतनाच्या त्यागाचें मोल ज्यानें त्याग केला तो एकटाच देत नाहीं. ख्रिस्ती सेवेच्या इतिहासांत ही नोंद कोणत्याहि अहवालानें केली नाहीं. ती एका फारशी शाळा न शिकलेल्या बाईनें केली, आणि तीहि हंसत हंसत.

दरबाराला पुरतीं दोन वर्षेंहि मिळालीं नाहींत. ९ मे १९१९ रोजीं मुंबईस टिळक वारले आणि त्यांच्यामागें मेळा विस्कटला. ‘ख्रिस्तायन’ अपुरें राहिलें होतें, तें पुढें लक्ष्मीबाईंनीं पुरें केलें.

पण बीं पडलें होतें. अहमदनगरासच काम करणारे जॅक विन्स्लो हे इंग्रज धर्मगुरु टिळकांच्या विचारांनीं भारले गेले. १९२३ सालीं त्यांनीं टिळकांचें इंग्रजी चरित्रहि लिहिलें. १९२२ सालीं कांहीं देशी सोबत्यांसह त्यांनीं ख्रिस्त सेवा संघ काढला, आणि पांचसहा वर्षांत त्याचा आश्रम पुण्यास शिवाजीनगरांत उभा राहिला. अंगावर खादी, शाकाहार, जमिनीवर बसून जेवण, गोरा-काळा एका पंक्तींत. १९२७ सालीं ऑक्सफर्डचा पदवीधर व्हेरियर एल्विन ह्याच आश्रमांत शिकाऊ म्हणून आला. गांधीजींची भेट, सत्याग्रहाचे दिवस, आणि तरुणाचें मन. तो आश्रमांत मावेना. १९३२ सालीं शामराव हिवाळे ह्या मराठी ख्रिस्ती मित्रासह तो मंडला जिल्ह्यांत करंजियास गोंडांमध्यें जाऊन राहिला. नागपूरच्या बिशपनें राजनिष्ठेची शपथ मागितली, ती एल्विननें दिली नाहीं, आणि १९३५ सालीं त्यानें चर्चच सोडलें. शामराव मात्र वर्षानुवर्षें तेथल्या शाळा आणि दवाखाना सांभाळीत राहिले. एल्विनचें नांव जगभर झालें. सेवकाचें शिक्षण कशास म्हणावें हें पाहावयाचें तर शामरावांकडे पाहावें. त्यांना गोंडांमध्यें कसें राहावें हें कोणीं शिकविलें नव्हतें. त्यांनीं राहून पाहिलें.

तरुणांच्या संघटना ह्या काळांत शहरांतूनहि वाढल्या. त्यांचा उल्लेख थोडक्यांत पुरे. यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन लंडनमध्यें १८४४ सालीं निघाली, मुंबईस १८७५ सालीं आली. वसतिगृहें, वाचनालयें, खेळ हें तिचें काम. १९१६ सालीं के. टी. पॉल हे तिचे पहिले हिंदी राष्ट्रीय चिटणीस झाले, आणि त्यांनीं संस्थेचें तोंड खेड्यांकडे वळविलें: सहकारी पेढ्या, शेती, कुक्कुटपालन. १९२० सालीं मद्रासेस तिचें शारीरिक शिक्षणाचें महाविद्यालय निघालें. ह्या शिक्षणाचा एक गुण असा कीं तें घेतलेला तरुण नुसता बोलका होत नसे, त्याला कांहींतरी करतां येई. दक्षिणेंत त्रावणकोराकडे मार्तंडमला ह्या ग्रामसेवेचें केंद्र भरभराटलें. महाराष्ट्रांतल्या खेड्यांत तिचा तसा जम बसला नाहीं.

विन्स्लो १९३४ सालीं हिंदुस्थान सोडून गेले आणि पुण्याच्या आश्रमाला हळूहळू ओहोटी लागली. अमेरिकन मिशनच्या मंडळ्या १९७० सालीं उत्तर भारतीय मंडळींत, चर्च ऑफ नॉर्थ इंडियांत, सामील झाल्या, आणि परदेशी पगाराचा तो जुना प्रश्न त्या रूपांत राहिला नाहीं. पाळकाचें वेतन आतां मंडळीनें आपसांत जमवावयाचें आहे, आणि खेड्यांतल्या मंडळीची वर्गणी पाळकाच्या मुलांच्या फीला पुरत नाहीं, ही आजची गोष्ट आहे. १९७२ सालीं शिवाजीनगरच्या त्याच जागेंत आश्रम पुन्हा सुरू झाला तो स्त्रियांनीं: अँग्लिकन आणि रोमन कॅथॉलिक भगिनी एकत्र येऊन. त्यांत सिस्टर सारा ग्रांट ह्या शांकर वेदान्ताच्या अभ्यासक होत्या. दोन पंथांच्या बायकांनीं एका छपराखालीं राहावयाचें ह्याला कोणत्याच पाठशाळेचा अभ्यासक्रम नव्हता. मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ ह्या गीतसंग्रहांत मोठा भाग अजून टिळकांचा आहे, आणि तीं गीतें पेटी-तबल्यावर देशी चालींतच म्हटलीं जातात.